वाट गडाची, रस्ता पाड्याचा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी सकाळी आसनगाव स्थानकाबाहेर उभे राहिले, तर एकाच रस्त्यावर दोन प्रकारची माणसे भेटतात. लोकलमधून उतरलेले, पाठीवर पिशव्या अडकवलेले तरुण माहुलीच्या पायथ्याकडे निघालेले असतात. त्याच वेळी समोरून रानभाज्यांच्या जुड्या आणि पळसाच्या पानांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका बाजाराकडे येत असतात. एकाच्या दृष्टीने तो रस्ता सहलीचा, तर दुसऱ्याच्या दृष्टीने पोटाचा. रस्त्यात चिखल झाला, मोरी वाहून गेली किंवा रिक्षावाल्याने पुढे येण्यास नकार दिला, तर पहिल्याची सुटी वाया जाते. दुसऱ्याची भाजी वाया जाते, आणि एखाद्या रात्री माणूसही जातो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील दुर्गम डोंगरवाटांचा विचार करताना हे दोन्ही प्रवासी डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

ठाणे जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग हे दोन तालुके मिळून होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ व आदिवासी मुलखाचा मोठा वाटा याच दोन तालुक्यांकडे उरला. शहापूर तालुका सर्वच्या सर्व अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर मुरबाडमधील काही गावे त्यात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी येथील वस्ती. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीच्या पायाशी गावे, गावांच्या आसपास पाडे व वाड्या विखुरलेल्या आहेत. शासकीय कागदावर गाव एक असते. प्रत्यक्षात त्याचे पाच-सात पाडे असतात आणि दोन पाड्यांच्या मधे ओढा असतो. रस्त्याच्या प्रश्नाचे मूळ बव्हंशी या एका ओढ्यातच आहे.

जुन्या वाटांची थोरवी

या मुलखात रस्त्यांची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. उलट दळणवळणाचा महाराष्ट्रातील एक अत्यंत प्राचीन दाखला मुरबाड तालुक्याच्या वेशीवर आहे. वैशाखरे गाव मागे टाकून माळशेजच्या दिशेने थोडे पुढे गेले की नाणेघाटाची वाट लागते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे व तेथून पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख आहे. राजकुळाने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांच्या दक्षिणेची मोजदाद त्यात कोरलेली आहे. अंकलेखनाच्या अभ्यासकांनाही या लेखाचे मोल मोठे वाटते. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आज जवळजवळ नष्ट झाल्या असल्या तरी त्यांच्यावरील नावे वाचता येतात.

तथापि पंचायत सदस्यांनी नाणेघाटात आणखी काही गोष्टी पाहाव्यात. चढणीवर बसवलेले दगड, वाटसरूंसाठी खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, विसाव्यासाठी कोरलेले लेणे, आणि माथ्यावरचा तो दगडी रांजण. या रांजणात जकातीची नाणी टाकली जात, असे लोक सांगतात. ते अक्षरशः खरे असो वा नसो, एक गोष्ट उघड आहे: वाट नुसती खोदून राज्यकर्ते थांबले नाहीत, पाणी, निवारा आणि वसुली या तिन्हींची व्यवस्था तिच्याबरोबर उभी राहिली. दोन हजार वर्षांनंतर आपल्या अनेक ग्राममार्गांना यांतील एकही गोष्ट लाभलेली नाही, हे थोडे संकोचाचेच आहे.

नाणेघाट हा एकटा नव्हे. खोपिवलीहून आहुप्याला चढणारा आहुपे घाट आहे, दाऱ्या घाट आहे. घाटावरची माणसे बाजारासाठी, सोयरिकीसाठी, देवदर्शनासाठी या वाटांनी वर्षानुवर्षे चढली-उतरली. मोटाररस्ता मात्र दोनच ठिकाणी वर गेला. शहापूरच्या बाजूने थळ घाट म्हणजे कसारा घाट, आणि मुरबाडच्या बाजूने माळशेज. कल्याणहून निघालेली रेल्वे १८५५ मध्ये वाशिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोचली. मुंबई-आग्रा महामार्गही शहापूरमधूनच गेला. मुरबाडला रेल्वे अजून आलेली नाही. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेजवरून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग हाच त्या तालुक्याचा कणा. अलीकडे ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातून जातो. म्हणजे मोठ्या रस्त्यांची या भागाला वाण नाही. वाण आहे ती मोठ्या रस्त्यापासून पाड्यापर्यंतच्या शेवटच्या तीन-चार किलोमीटरांची. गिर्यारोहकाला हवा असलेला रस्ताही नेमका तोच.

चार ठिकाणे, चार तऱ्हा

माहुलीचे उदाहरण प्रथम घ्यावे. आसनगावपासून पायथ्याचे माहुली गाव सुमारे ५ किलोमीटर. माहुली, भंडारगड व पळसगड असा हा तिहेरी किल्ला. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची अखेरची झुंज येथून दिली आणि १६३६ मध्ये त्यांना तो सोडावा लागला. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला. १६७० मध्ये मराठ्यांचा पहिला हल्ला फसला, पण त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. त्याचे नवरा, नवरी आणि भटजी हे सुळके दुरूनच ओळखू येतात. या लग्नाचा मुहूर्त मात्र अद्याप टळलेलाच आहे. शहराला जवळ, रेल्वेला जवळ, पायथ्यापर्यंत गाडी जाणारी वाट, यामुळे माहुलीवर गर्दी होते. गड तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात असल्याने येथे प्रश्न रस्त्याच्या अभावाचा नसून रस्त्याच्या टोकाला काय होते, याचा आहे. गाड्या कोठे उभ्या कराव्यात, कचरा कोणी उचलावा, धबधब्याकडे वळणाऱ्यांना कोणी अडवावे, हे प्रश्न गावापुढे दर पावसाळ्यात उभे राहतात.

आजोबाच्या डोंगराचे तसे नाही. शहापूरहून डोळखांबमार्गे डेहणे गाव गाठावे लागते. १,३०० मीटरांहून अधिक उंचीचा हा कडा. वाल्मीकींचा आश्रम आणि सीतेचा पाळणा यांच्या कथा तेथे सांगितल्या जातात. लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत म्हणून डोंगराचे नाव आजोबा. रतनगडाच्या परिसरातील साम्रदची सांदण दरी उतरून येणारेही याच डेहण्याच्या बाजूला येतात. येथे येणाऱ्याला एस. टी.च्या फेऱ्यांचे वेळापत्रक पाठ असावे लागते. शेवटची गाडी चुकली तर रात्र शाळेच्या ओसरीवर किंवा एखाद्याच्या पडवीत काढावी लागते. पडवी मिळतेही. भाकरी मिळते, पैसे घेताना यजमान संकोचतो. परंतु त्याच शेवटच्या गाडीवर तालुक्याच्या गावी शिकणारी मुले अवलंबून असतात. मोरी खचून ती गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच परतू लागली, की मुलींची शाळा आधी सुटते आणि मुलांची मागाहून, हे येथे बसलेल्या शिक्षकवर्गाला कोणी सांगावयास नको.

(आजोबा नावाचा दुसराही एक प्रवासी या भागाने पाहिला आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात गळपट्टा बांधून सोडलेला एक बिबट्या सुमारे महिनाभरात शंभरावर किलोमीटर चालत, महामार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. संशोधकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले होते. त्याला कोठेही रस्ता लागला नाही. २०११ मध्ये त्याचा जीव गेला तो मात्र रस्त्यावर, वाहनाच्या धडकेने.)

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाची गोष्ट आणखी वेगळी. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे याच डोंगराच्या पायथ्याच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आले. आझाद दस्त्याने वीजवाहक मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते आणि दस्त्याला आसरा दिला तो या दुर्गमपणानेच. आज दर २ जानेवारीला त्यांच्या स्मृतिस्थळी लोक जमतात. त्या दिवसापुरती वाट वाहती असते. एरवी मात्र सिद्धगडाच्या माचीवरच्या माणसाला जे भोगावे लागले ते दुर्गमपणाचे दुसरे रूप होय. हा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो, त्यामुळे तेथे कुदळ मारण्यापूर्वीही परवानगीचा विचार करावा लागतो.

देहरीहून चढावयाचा गोरखगड आणि त्याच्या शेजारचा मच्छिंद्रगड, नाथपंथीयांच्या आठवणींचे हे जोडगड. तसेच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखालचे बेलपाडा. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने गडावर जाणारे पथक गावातला माणूस वाटाड्या म्हणून घेतल्याशिवाय सहसा निघत नाही. त्या गावातील तरुणांना डोंगराने शेतीला जोड देणारे काम दिले आहे. रस्ता नीट असेल तर हे काम वाढते. रस्ता बिघडला तर शहरातला माणूस दुसरा डोंगर शोधतो. बेलपाड्याला दुसरा डोंगर नाही.

इर्शाळवाडीची रात्र

हे सारे सहलीचे बोलणे झाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या माचीवरील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. ती ठाकरांची वाडी. गिर्यारोहकांना ती चांगली परिचित होती, कारण इर्शाळगडाची वाट तिच्या अंगणातून जाते. वाडीला मोटाररस्ता नव्हता. अंधारात, कोसळत्या पावसात बचाव पथकांना तासाहून अधिक वेळ चिखलातून चढावे लागले. यंत्रे वर नेता आली नाहीत. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही. चढतानाच एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने अंत झाला. माती फावड्यांनी आणि हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला.

त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. आंबेगावचा हा पट्टा मुरबाडच्या डोक्यावरच आहे. माळीणला रस्ता होता, एस. टी. जात होती. डोंगरावर गाव दिसेना म्हणून प्रथम बोंब ठोकली ती गाडीच्या चालकानेच, असे तेव्हा सर्वत्र सांगितले गेले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता दरड थांबवीत नाही. रस्त्यामुळे मदत लवकर पोचते, आणि धोक्याच्या सूचनेनंतर माणसे, गुरे, धान्य हलवता येते. याउलट रस्त्यासाठी डोंगराचा पाय कसाही कापला, वरचे पाणी अडवले आणि उतारावर माती लोटून दिली, तर रस्ताच दरडीला आमंत्रण देतो. म्हणून "पाड्याला रस्ता द्या" ही मागणी करताना त्याची आखणी कोठून व्हावी, हा प्रश्न ग्रामसभेनेही विचारला पाहिजे. गावातील वडीलधाऱ्यांना पाण्याची वाट ठाऊक असते. अभियंत्याने त्यांना बरोबर घेऊन एक फेरी मारावी. तीही भर पावसात मारावी, कारण उन्हाळ्यात ओढा निरुपद्रवी दिसतो.

डोलीचा विषयही येथेच येतो. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागली. ती रस्ता संपतो तेथे थांबते. पुढे बांबूला चादर बांधून केलेली डोली, चार खांदे आणि ओढ्यात छातीपर्यंत पाणी. प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या स्त्रीला असे नेल्याच्या घटना या पट्ट्यात वारंवार घडल्या आहेत. गडावर पाय मोडलेल्या मुंबईकर तरुणालाही गावकरी त्याच डोलीतून, त्याच खांद्यांवरून खाली आणतात. दोन्ही प्रसंगी डोली तीच. बातमी मात्र बहुधा दुसऱ्या प्रसंगाची मोठी होते.

पाण्याचेही तसेच. तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणे या परिसरातली. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरला रस्ता लागतो. जेथे तो पोचत नाही तेथे रस्त्याकडेच्या विहिरीत पाणी ओतले जाते आणि पुढचे अंतर हंड्यांनी तोडावे लागते.

बारमाही म्हणजे डांबरी नव्हे

आता रस्त्याच्या कामाकडे वळावे. सामान्यतः डांबर दिसले की रस्ता झाला असे मानले जाते. प्रत्यक्षात या मुलखात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, घाटाच्या कुशीत त्याहूनही अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. डांबराचा शत्रू ऊन नव्हे, पाणी. रस्त्याच्या कडेची गटारे बुजली, मोरीच्या नळात पालापाचोळा अडकला, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, की पाणी रस्त्यावरून वाहू लागते. खडीखालचा मुरूम भिजतो आणि पहिली जड गाडी गेली की खड्डा पडतो. खड्डा भरणारे पुढच्या वर्षी पुन्हा खड्डाच भरतात, मोरी तशीच राहते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही बारमाही रस्त्याची कल्पना मुख्यतः पाण्याच्या निचऱ्यावर उभी आहे. तो डांबरीच असला पाहिजे असे नाही. नीट दबाई केलेला, दोन्ही बाजूंना उतार दिलेला, मोऱ्या आणि फरशी असलेला खडीचा रस्ता हा मोऱ्यांवाचूनच्या डांबरी रस्त्यापेक्षा अधिक टिकतो. उद्घाटनाच्या छायाचित्रात मात्र तो तितकासा उठून दिसत नाही, हे मान्य करावे लागेल.

वाहनाला रस्ता देणे तूर्त शक्य नसेल तेथे साकव द्यावा. कोकणाला ही गोष्ट नवी नाही. शाळेच्या वाटेवरील ओढ्यावर घातलेला एक पक्का साकव चार महिन्यांची शाळा वाचवतो.

निधी कोठून आणि कोणाकडून, याविषयी गावोगावी गोंधळ आढळतो. देशातील रस्त्यांची वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेपासून रूढ झाली. आपल्या राज्यात राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. ज्या वाटेला रस्ते विकास आराखड्यात क्रमांकच नाही, तिच्यावर खर्च टाकण्यास कोणतेच कार्यालय धजत नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून या राज्यात मातीकामाचे अनेक रस्ते झाले. त्यांपैकी कित्येकांची पुढे नोंदच झाली नाही, आणि दोन पावसाळ्यांत ते पुन्हा पायवाट होऊन बसले. तेव्हा पंचायत सदस्यांनी आपल्या पाड्याच्या रस्त्याचा क्रमांक विचारावा. क्रमांक नसेल तर तो मिळवणे हेच पहिले काम.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशासाठी ५०० लोकवस्तीची अट होती. डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश आणि अनुसूचित क्षेत्रे यांसाठी ती २५० करण्यात आली. राजस्थानातील वाळूतील ढाणी आणि शहापुरातील डोंगरातील पाडा यांना शासनाने एकाच नियमात बसवले, आणि ते योग्यच होते. दोन्हीकडे माणसे थोडी, अंतरे मोठी. तथापि चाळीस घरांच्या पाड्यात २५० माणसेही भरत नाहीत. असे पाडे वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या १०० लोकवस्तीच्या वस्त्यांना रस्त्याची तरतूद झाली. कातकरी हा त्या गटांपैकी एक असल्याने या दोन तालुक्यांतील पंचायतींना ती विशेष उपयोगाची आहे. ग्राम सडक योजनेच्या कामावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदाराची असते. कामाजवळच्या फलकावर तपशील लिहिलेला असतो. तो फलक सातवी-आठवीच्या मुलांकडून वाचून घ्यावा आणि त्यावरील खडीचे गणित वर्गात सोडवावे; शाळेला उदाहरण मिळेल आणि कामावर डोळेही राहतील.

वनजमिनीचे काय, हा नेहमीचा प्रश्न. "वनखाते आडवे येते" हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की, पुष्कळदा अर्जच केलेला नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय अशा १३ प्रकारच्या गावाच्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या त्यातील अटी. सहा मीटर रुंदीची पट्टी धरली तर एका हेक्टरात सुमारे १,६६० मीटर लांबीचा रस्ता बसतो. पुष्कळ पाड्यांचे वनातून जाणारे अंतर याच्या आतले आहे. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन्यजीव कायद्याखालील परवानगी वेगळी लागते आणि तेथे घाई करून भागत नाही. ग्रामसभेने ठराव करताना गट क्रमांक, लांबी, रुंदी व झाडांची मोजणी लिहावी. "रस्ता व्हावा, सर्वानुमते मंजूर" एवढ्या ओळीने टपालापलीकडे काहीही पुढे सरकत नाही.

रस्ता कोठे थांबावा

पायथ्याच्या वस्तीपर्यंत रस्ता हा हक्क आहे. त्यापुढे गडाच्या माथ्यापर्यंत मोटार नेण्याची हौस मात्र आवरावी. माहुलीची चढण, गोरखगडाच्या खोदीव पायऱ्या, नाणेघाटाचा फरसबंद उतार हे स्वतःच बघण्यासारखे आहे; ते पायांनीच पाहावे. शिवाय गाडी वर गेली की पायथ्याच्या गावातील भाकरी, वाटाड्या आणि मुक्काम हे तिन्ही धंदे बसतात. वस्तीला रस्ता आणि गडाला वाट, ही सीमारेषा ग्रामसभेनेच आखून घ्यावी.

वाटेलाही देखभाल लागते. स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली सार्वमत घेऊन पायवाटांचा विषय राज्यघटनेत घालण्यात आला. आज त्या छोट्याशा देशात सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या वाटा पिवळ्या पाट्यांनी दाखवलेल्या आहेत आणि त्यांची काळजी घेणे हे तेथील प्रांतांचे कर्तव्य ठरले आहे. आपल्याकडे त्यासाठी घटनेपर्यंत जाण्याचे कारण नाही. पायथ्याला एक फलक पुरे: वाट कोणती, वर पाणी कोठे, चढण्यास किती तास, शेवटची एस. टी. केव्हा, जवळचे आरोग्य केंद्र कोठे, वाटाड्यासाठी कोणाला भेटावे. वाटेवर फुटणाऱ्या प्रत्येक फाट्याला दगडावर रंगाचा बाण. येणाऱ्यांची नावे लिहिण्यासाठी एक वही. पाय घसरून दरीत गेलेल्यापेक्षा वाट चुकून रात्रभर शोधावे लागलेल्यांसाठीच गावकऱ्यांची झोप अधिक मोडते. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यातील सुरक्षिततेच्या अपेक्षा व्यावसायिक आयोजकांनी पाळाव्यात असा आग्रह धरण्याचा गावाला अधिकार आहे.

धबधबे व धरणांच्या परिसरात पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम त्यासाठी आहे. हे आदेश आवश्यक असतात, बुडणाऱ्यांची संख्या पाहता त्याविषयी दुमत नसावे. परंतु सरसकट बंदीने पायथ्याच्या वाटाड्याचा ऐन हंगाम जातो आणि हुल्लड करणारे आडवाटेने आत शिरतातच. कोणता धबधबा धोक्याचा आणि कोणती वाट जाणकारासोबत चालण्याजोगी, हे गावाने मे महिन्यातच तहसीलदार कार्यालयाला लेखी कळवावे. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.

१ मेची ग्रामसभा त्यासाठी सोयीची. त्या सभेत रस्त्याचा क्रमांक, वनहक्काचा ठराव आणि पायथ्याचा फलक हे तीन विषय घेता येतील. त्यानंतर मृग निघेपर्यंत पाच आठवडे उरतात. तेवढ्यात प्रत्येक मोरीतील पालापाचोळा काढणे, गटार मोकळे करणे आणि साइडपट्टी तासून उतार देणे हे काम अंदाजपत्रकावाचूनही होऊ शकते. कोणती मोरी आधी उपसावी हे विचारावयाचे झाल्यास पाड्यावरून डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईला विचारावे. पाणी कोठे गुडघ्यापर्यंत येते आणि कोठे कमरेपर्यंत, हे ती बोट दाखवून सांगेल.